मुलांचा लठ्ठपणा टाळण्यासाठी वस्तीतलं काम: निधी मागण्यापासून हिशोब देण्यापर्यंत

लहान मुलांच्या लठ्ठपणावर वस्तीत काम करायचंय असं सांगत कंपनीच्या सीएसआर विभागात (कायद्याप्रमाणे समाजकार्यावर करायचा खर्च बघणाऱ्या विभागात) गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वस्तीत कुठला आलाय लठ्ठपणा? तिथे तर कुपोषण असतं ना?" अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाही हेच विचारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक आढळली. त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ आहे, ती सहसा कुणी वाचत नाही. उंचीच्या मानाने वजन जास्त असलेली मुलं चौथ्या फेरीत १.९ टक्के होती, पाचव्या फेरीत ४.१ टक्के झाली.

प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर या दोन्ही ओळी शेजारी-शेजारी ठेवायला आम्ही शिकलो. नुसता लठ्ठपणाचा आकडा दिला तर तो श्रीमंतांचा प्रश्न वाटतो. दोन्ही आकडे एकत्र दिले की खरं चित्र दिसतं: एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, एक मूल बारीक आणि दुसरं स्थूल असतं, आणि दोघांच्या ताटात भाजी-उसळ सारखीच कमी असते. पुण्यात काम करणाऱ्याला आणखी एक आधार हाताशी आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांमध्ये केलेल्या अभ्यासात इथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो भरलं. पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. बाळ दिसायला किरकोळ, आत चरबी राखून. असं मूल पुढे पुडीतल्या खाण्यावर भराभर वजन धरतं, तेव्हा मधुमेहाचा धोका वाढतो. हे दोन परिच्छेदांत मांडलं की "वस्तीत कशाला?" हा प्रश्न बहुतेक मिटतो.

खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते, कारण या कामाला पैसे द्यायला लोक तयार असतात, पण कशासाठी द्यायचे याबद्दल त्यांचं मत वेगळं असतं. एका दिवसाचं शिबिर, वजनकाटे, टी-शर्ट, फलक, पाण्याच्या बाटल्या यांना पैसे चटकन मिळतात. त्यांचे फोटो निघतात. कुटुंबाच्या सवयी मात्र बदलतात त्या एकच आरोग्यताई, म्हणजे घरोघरी जाणारी कार्यकर्ती, दर महिन्याला त्याच घरात गेल्यामुळे, आणि तिच्या वेळेचे पैसे मागितले की समोरचा माणूस म्हणतो, "हा तर पगार झाला, प्रकल्पाचा खर्च कुठे आहे?" सगळा प्रस्ताव या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहावा लागतो.

आधी कागदपत्रं, कारण ती नसतील तर पुढचं बोलणंच होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेला सीएसआर-१ अर्ज. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१चा क्रमांक नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआरचं काम करताच येत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यावर व्यवसाय करणाऱ्या सीए (सनदी लेखापाल), सीएस (कंपनी सचिव) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. संस्था कंपनीने किंवा सरकारने स्थापन केलेली नसेल, तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. अडकतं ते बहुधा बारीकसारीक गोष्टीत: पॅन कार्डावर, ट्रस्टच्या दाखल्यावर आणि बँक खात्यावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असतं, किंवा विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात अजून मंजूर झालेला नसतो. हे निस्तरायला काही महिने जातात, म्हणून कंपनी गाठण्याआधीच ते करून ठेवावं.

कंपनी निवडतानाही कायदा माहीत असलेला बरा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे आधीच्या वर्षी ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. सगळ्या संस्था मोठ्या नावांच्या मागे लागतात. आमचा सल्ला वेगळा आहे. ज्या कंपनीची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. चाकण, रांजणगाव, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींमध्ये अशा मध्यम कंपन्या भरपूर आहेत. तिथे मालकाशी समोरासमोर बोलता येतं आणि तो वस्ती बघायलाही येतो.

सीएसआरमध्ये कुठली कामं धरायची याची यादी कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे, आमचं काम तिच्या पहिल्याच बाबीत बसतं. तिथे कुपोषण निर्मूलन आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा असे दोन्ही उल्लेख आहेत. प्रस्तावात ही बाब नावानिशी लिहावी, म्हणजे कंपनीच्या लेखापालाला अर्थ लावत बसावं लागत नाही. दोन सापळे मात्र ओळखून असावं. "आमच्याच कामगारांच्या कॉलनीत करा" ही सूचना प्रेमाने येते, पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना फायदा होणारा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. आणि मॅरेथॉनसारखे एका दिवसाचे कार्यक्रमही धरले जात नाहीत, हे मंत्रालयाने २०१४ साली परिपत्रकात स्पष्ट केलं होतं. शिबिराचा आग्रह होतो तेव्हा हा मुद्दा फार उपयोगी पडतो. आपण नकार देतोय असं वाटत नाही, नियमच आपल्या बाजूने बोलतो.

शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेटं, फरसाण विकणाऱ्या कंपन्यांचे पैसे या कामासाठी घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. त्यांचे पैसे आले की पुस्तिकेतून "गोड पेय" हा शब्द हळूच निघून जातो आणि सगळा भर खेळावर, धावण्यावर येतो. शिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या शाळाविषयक नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. अशा कंपनीचं बोधचिन्ह छापलेली पुस्तिका शाळेत वाटणं म्हणजे त्या नियमाच्या आशयालाच हरताळ फासणं.

आता अंदाजपत्रक. एक आरोग्यताई ६० कुटुंबं सांभाळते, असं आम्ही धरतो. दर कुटुंबाला महिन्यातून एक घरभेट, म्हणजे कामाच्या २० दिवसांत रोज तीन. भेट पाऊण तासाची, त्यात जाणं-येणं आणि नोंद लिहिणं वेगळं. उरलेल्या वेळात महिन्याला दोन वस्तीबैठका. एका ताईला १०० कुटुंबं दिली की दोनच महिन्यांत घरभेटीची दारभेट होते: "काय वहिनी, भाजी खाताय ना?" एवढंच विचारून पुढचं घर. कागदावर भेटींचा आकडा भरतो, घरात काहीच बदलत नाही. ३०० कुटुंबांना पाच ताई, एक पर्यवेक्षिका, आठवड्यातून दोन दिवस येणारी आहारतज्ज्ञ आणि निम्म्या वेळेचा हिशोबनीस. शंभर रुपयांतले ६२ रुपये या माणसांवर, ९ प्रशिक्षण आणि उजळणीवर, ८ स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकाच्या सामानावर, ६ मोजमापाची साधनं आणि छपाईवर, ५ प्रवास आणि फोनवर, ६ सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजणीवर आणि ४ लेखापरीक्षणावर. या क्रमाने मांडल्यावर ६२ या आकड्यावर बोट ठेवलं जातंच.

त्यावर उत्तर तयार ठेवावं. "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही" असं कंपनीचे अधिकारी अगदी मनापासून सांगतात. नियम नीट वाचला तर ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. घरोघरी जाणाऱ्या ताईचं मानधन ही अंमलबजावणीच आहे. आम्ही अंदाजपत्रकात "पगार" असं शीर्षक देतच नाही. "कुटुंबभेटी: ३०० कुटुंबं × १२ महिने" असं लिहितो आणि एका भेटीचा दर काढून दाखवतो. रक्कम तीच राहते, पण पैसे कशासाठी आहेत ते दिसतं. यात लपवाछपवी काही नाही. खाली तळटीप देऊन ताईंचं महिन्याचं मानधन उघड लिहावं.

मुदतीचा प्रश्न त्याहून नाजूक. मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांना उरलेली रक्कम खर्च करायची घाई होते, आणि फेब्रुवारीत फोन येतो: "३१ मार्चच्या आत खर्च दाखवू शकाल का?" सवयी बदलण्याचं काम दीड महिन्यात होत नाही. अशा पैशातून वजनकाटेच घेतले जातात. उपाय नियमातच आहे: संचालक मंडळाने सुरुवातीलाच हा "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करावा. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात ठेवता येते. चालू प्रकल्प नसेल तर ती रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत जाते, म्हणूनच ती घाई. हा ठराव आधीच झालेला बरा, नंतर मुदत वाढवायची तर संचालक मंडळाला सबळ कारण द्यावं लागतं. करारावर सही करण्यापूर्वी ठरावाची प्रत मागून घ्यावी, संकोच करू नये.

करारात हप्ते साधारण ४०-४०-२० टक्क्यांचे असतात. शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता अंतिम अहवाल आणि सीएच्या विनियोग प्रमाणपत्रानंतर (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या दाखल्यानंतर) येतो, म्हणजे ते काम संस्थेने आधी स्वतःच्या खिशातून करायचं असतं. पहिला हप्ताही एप्रिलला ठरून ऑगस्टला येऊ शकतो. तीन महिन्यांचं मानधन हाताशी नसेल तर प्रशिक्षित ताया सोडून जातात, आणि वर्षाच्या मध्यात नवी ताई नेमली की त्या ६० घरांशी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ५०-३०-२० मागावं. आणि पहिली मोजणी हप्ता जमा झाल्यावरच सुरू होईल, असं कलम घालावं.

मोजणीवर जरा थांबतो, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आम्ही भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे वाढीचे तक्ते वापरतो. पुण्याच्या डॉ. खाडिलकर दांपत्याचं त्यामागचं काम मोठं आहे. या तक्त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) जुळणाऱ्या, जास्त वजन आणि लठ्ठपणा दाखवणाऱ्या रेषा भारतीय मुलांसाठी आखलेल्या आहेत. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचे, म्हणजे अंगणवाडीतलेच तक्ते. कंपनीकडून आलेल्या कुठल्याही ॲपमध्ये मुलाची उंची-वजन भरून प्रौढांचा बीएमआय काढू नये. आठ वर्षांचं स्थूल मूल त्यात बिनधास्त "सामान्य" दिसतं.

उंची मोजताना एक सेंटिमीटर चुकला तर काय होतं पाहा. मूल १३२ सेंटिमीटर आणि ३६ किलोचं असेल तर बीएमआय २०.७ येतो. तीच उंची चुकून १३१ लिहिली तर २१.० होतो. वर्षभराच्या चांगल्या कामातून दिसणारा फरकही एवढाच किंवा यापेक्षा लहान असू शकतो. म्हणून वजनकाट्याखाली प्लायवूडचा सपाट तुकडा ठेवतो, कारण वस्तीतली फरशी सपाट नसते. रोज सकाळी वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच किलोचं वजन ठेवून काटा तपासतो. मुलींचे अंबाडे, क्लिप सोडायला लावतो, बूट-मोजे काढतो, डोकं, पाठ आणि टाचा पट्टीला टेकल्या आहेत का बघतो. प्रत्येक माप दोनदा घेतो. उंचीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. संध्याकाळपर्यंत उंची थोडी कमी भरते, म्हणून दोन्ही मोजण्या एकाच वेळी, सकाळच्या सत्रात. आणि दोन्ही मोजण्या जुलैमध्ये. पहिली जुलैत आणि दुसरी दिवाळीनंतर केली तर फराळच मोजला जातो, उन्हाळ्यात केली तर निम्मी कुटुंबं गावाला गेलेली असतात.

मोजमाप पडद्याआड व्हावं, आकडा मोठ्याने वाचू नये, मुलाच्या हातात चिठ्ठी देऊ नये. "जाड", "ढोल्या" हे शब्द कार्यकर्त्यांच्या तोंडी एकदाही येता कामा नयेत. चिठ्ठी आईच्या हातात, घरभेटीत, समजावून. पालकांची लेखी संमती तर हवीच. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं येतात. मुलांचे "आधी आणि नंतर"चे फोटो मागितले गेले तर स्पष्ट नाही म्हणावं आणि हे करारातच लिहून ठेवावं. मोजमापाच्या वेळी मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर ते मूल थेट डॉक्टरकडे पाठवायचं. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. बऱ्याच आया ती मळ समजून रोज दगडाने घासत असतात, मुलाची कातडी सोलवटून निघते आणि डाग तसाच राहतो. तायांच्या प्रशिक्षणात यासाठी आम्ही वेगळा तास ठेवतो.

घरभेटीत सगळ्यात जास्त चालतं ते किराण्याचं गणित. ताई वाण्याच्या खात्याची वही किंवा महिन्याची यादी मागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत साखर दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. माणशी २५ ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो, आणि यात चहाची, बिस्किटातली, सरबतातली सगळी साखर आली. नुसती वाण्याकडची साखरच पाच किलो भरते तेव्हा काही सांगावंच लागत नाही. तेलाचंही तसंच: माणशी रोज पाच-साडेपाच चमचे, म्हणजे २५ ग्रॅम धरले, तरी महिन्याला तीन किलो. मग ताई ठरवून एकच गोष्ट मागते. सगळं एकदम नाही. या महिन्यात चहा-बिस्किटाच्या जागी चहा-पोळी किंवा फुटाणे, एवढंच. पुढच्या भेटीत आधी त्याचीच चौकशी.

"ताई, आमचं पोरगं तर काही खातच नाही हो," हे वाक्य वजन जास्त असलेल्या मुलांच्या घरीच जास्त ऐकू येतं. चौकशी केली की कळतं, सकाळी ग्लासभर साखर-पावडर घातलेलं दूध, अकराला पाच रुपयांची पुडी, दुपारी मोबाइल समोर धरून चार घास, चारला बिस्किटं, संध्याकाळी वडापाव. जेवायला पोटात जागाच नसते. इथे आईला दोष देऊन उपयोग नाही, कारण पुडी बहुतेक वेळा बाबा किंवा आजी आणतात. म्हणून वर्षाच्या बैठकांपैकी दोन फक्त वडिलांसाठी, रविवारी सकाळी किंवा रात्री साडेआठनंतर, आणि एक आज्यांसाठी. बाळसेदार मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, ही आजीची समजूत तिने पाहिलेल्या दुष्काळातून, उपासमारीतून आलेली असते. तिला खोडून काढण्यापेक्षा तिच्याच हातचं ज्वारीचं थालीपीठ, मोडाची उसळ, नाचणीची आंबील सगळ्यांसमोर करून घेतली की ती आपल्या बाजूला येते, आणि मग सुनेपेक्षा जास्त काटेकोर होते.

वेष्टन वाचायच्या बैठकीला प्रत्येकाने घरातलं एक रिकामं पाकीट आणायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिल्या तीनात साखर, मैदा, पामतेल आलं की तो पदार्थ कशाचा आहे ते कळतं. एका गोष्टीकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधावं लागतं. वेष्टनावरचे टक्के दिवसाच्या २,००० कॅलरी आणि वरून घातलेल्या ५० ग्रॅम साखरेच्या हिशोबाने काढलेले असतात, तोही प्रौढ माणसासाठी. २५ ग्रॅमची मर्यादा धरली तर "साखर २० टक्के" असं छापलेली एका वेळच्या खाण्यातली साखर प्रत्यक्षात दिवसाच्या ४० टक्के होते. पेयांसाठी चमचे मोजून दाखवतो. समजा १०० मिलिलीटरला १० ग्रॅम लिहिलंय, तर २५० मिलिलीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. साखर चमच्याने वाटीत ओतत असताना मुलं मोठ्याने मोजतात, आणि पुढचे काही दिवस घरी आईबापांना सुनावतात.

प्रात्यक्षिकाचं सामान वस्तीतल्याच दुकानातून घ्यावं आणि त्या दिवशीच्या भावाने एका ताटाची किंमत फळ्यावर लिहावी. एका कंपनीने पाठवलेल्या तक्त्यावर ब्रोकोली, ओट्स आणि ॲव्होकॅडो होते. असा तक्ता लावला की बायका एकमेकींकडे बघून गप्प बसतात, आणि पौष्टिक खाणं आपल्याला परवडत नाही हा समज पक्का होतो. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वयंसेवा करायची असेल तर त्यांच्याकडे आहाराची भाषणं देऊ नयेत. मैदानातला राडारोडा उचलणं, लंगडी-खोखोची आखणी करणं, शाळेच्या वेळेनंतर मैदानाचं कुलूप उघडं राहावं म्हणून मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीकडे जाणं ही कामं त्यांना द्यावीत. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज तासभर दमवणारी हालचाल हवी, आणि वस्तीत त्यासाठी जागाच नसते. हा अडथळा शिकवून दूर होत नाही.

अहवालात काय कबूल करायचं, हे प्रस्तावातच ठरतं. "एका वर्षात लठ्ठपणा २० टक्क्यांनी कमी करू" असं लिहिणाऱ्या संस्थेला पैसे लवकर मिळतात, आणि वर्षअखेरीला तिची अवस्था बिकट होते. या वयात मुलाचं वजन उतरवायचं नसतं, उंची वाढत असताना वजन आटोक्यात ठेवायचं असतं. शिवाय पाच-सहा वर्षांनंतर मुलांचा बीएमआय वयाबरोबर आपोआपच वाढतो, त्यामुळे कच्चे आकडे तुलनेला चालत नाहीत, वयानुसार झेड-स्कोअर (त्या वयाच्या मुलांच्या सरासरीपासून मूल किती दूर आहे ते दाखवणारा आकडा) काढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आम्ही कबूल करतो ते सवयींचे बदल: आठवड्यात किती दिवस गोड पेय, किती दिवस डब्यात भाजी-पोळी किंवा उसळ, मोबाइल-टीव्ही बंद ठेवून झालेली जेवणं, महिन्याची साखर आणि तेल किलोमध्ये, रोज बाहेर खेळण्याची मिनिटं. झेड-स्कोअर जोडीला देतो, पण त्यावर हप्ता अवलंबून ठेवू देत नाही. आणि बारीक मुलांचं वजन या काळात घटलेलं नाही ना, हेही त्याच तक्त्यात दाखवतो. "तेल कमी करा" हा सल्ला चुकीच्या घरात गेला तर बारीक मूल आणखी बारीक होतं. हे तपासायला कुणी सांगत नाही, तरी तपासलंच पाहिजे.

हिशोबाच्या बाबतीत, वजनकाटे आणि उंचीमापी यांची मालमत्ता नोंदवहीत सीएसआर निधीतली म्हणून वेगळी नोंद करावी. प्रात्यक्षिकाच्या भाजीची पावती मिळत नाही, तेव्हा तारीख, वजन, दर आणि विकणाऱ्याची सही असलेलं छापील व्हाउचर ताईच्या पिशवीत कायम असावं. मानधन रोख कधीच नाही. कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणित करावं लागतं, त्यामुळे तिमाही विवरण १० तारखेच्या आत गेलं तर पुढचा हप्ता अडत नाही.

कंपनीचा निधी तीन वर्षांनी संपणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं. शहरात महिला आरोग्य समित्यांना वर्षाला ५,००० रुपये आणि गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेच्या समितीला १०,००० रुपयांचा मुक्त निधी मिळण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. या रकमा ताईंचं मानधन देऊ शकत नाहीत, पण प्रात्यक्षिकाचं सामान, काट्याची दुरुस्ती, मैदानाचा दिवा एवढं त्यातून नक्की भागतं. त्यासाठी दुसऱ्या वर्षापासून आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना प्रत्येक बैठकीत सहभागी करून घ्यावं, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र घेऊन, आणि तिसऱ्या वर्षी बैठक त्यांनीच चालवावी. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात त्यांना तसेही कार्यक्रम घ्यायचे असतात, तिथे किराण्याची वही आणि साखरेचे चमचे सहज बसतात. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातल्या ग्रामसभांमध्ये ठरतो, तेव्हा खर्चाचा अर्ज आणि बायकांची सह्यांची यादी दिवाळीनंतर लगेच ग्रामपंचायत कार्यालयात पोहोचलेली असावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.